कथा लिहायला शिकायचंय, पैसे कुठून येतील?

प्रश्न : मॅडम, मी एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. मी कथा लिहिते. लेखन शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळते का? परदेशात हे फुकट शिकवतात म्हणे, खरं आहे का? एक जण पंचवीस हजारांत माझं पुस्तक काढून देतो म्हणतोय. उसने घेऊन भरू का? सोबत एक कथा पाठवतेय. – एक वाचक, गेवराई

उत्तर : तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला वेळ लावून चालणार नाही. पैसे भरू नकोस. उसने घेऊन तर मुळीच नको. ज्या घरात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटता फिटत नाही, त्या घरावर पुस्तकाचं आणखी एक कर्ज कशाला?

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही अशा लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला मंडळ प्रकाशनासाठी अनुदान देतं. कथासंग्रह त्यात बसतो. आज घाईने पुस्तक काढलंस की तू ‘नवलेखक’ राहत नाहीस आणि हा मार्ग कायमचा बंद होतो. म्हणून पहिलं पुस्तक जपून ठेव. योजनेची जाहिरात कधी येते त्यावर लक्ष ठेव आणि तोवर हस्तलिखित नीट कर. मात्र हा पैसा पुस्तक निघण्यासाठी आहे, त्यावर तुझी मेस चालणार नाही.

‘कथा लिहायला शिक, आम्ही खर्च करतो’ अशी शिष्यवृत्ती मराठीत शोधत बसलीस तर हाती फारसं लागणार नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण गाण्या-नाचाच्या मुलांना केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती तरी आहे. तुझा खर्च भागायचा तो तुझ्या पदवीवर. एम.ए.ची फी आणि राहण्याचा खर्च यांसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर तुझ्या प्रवर्गाची योजना बघ. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांची वेगळी. तू काय लिहितेस हे तिथे कोणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे. फक्त आधार बँक खात्याला जोडलेलं आहे ना हे शाखेत जाऊन विचार, आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहिला तर ऑफिसातल्या बाबूंच्या मागे लाग. मुली लाजतात आणि वर्ष हातचं जातं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आई-वडील कारखान्यावर जायच्या आधी काढून ठेव. नंतर सहीसाठी त्यांना कुठून आणशील?

एम.ए.नंतर मराठी विषयातून नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा दे. तिच्यातून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीचं विद्यावेतन, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत. संशोधन करावं लागेल, पण त्या काळात कोणापुढे हात न पसरता लिहिता येईल. हा आग्रह मी उगाच धरत नाही. जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांना २०१८चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, आणि कोरोनाच्या टाळेबंदीत त्यांच्यावर शेतमजुरीची वेळ आली. पुरस्काराने मान मिळतो, पण घर चालवायला दर महिन्याचं उत्पन्न लागतं.

तिशीच्या आतल्यांसाठी पंतप्रधान युवा लेखक योजना २०२१ मध्ये सुरू झाली. नॅशनल बुक ट्रस्ट ती चालवतं. निवड झाली तर सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि मार्गदर्शक मिळतो, मराठीतही लिहिता येतं. विषय मात्र सरकारने ठरवलेला असतो. पहिल्या वेळी स्वातंत्र्यलढा होता, दुसऱ्या वेळी लोकशाही. विषय तुझा वाटला तरच प्रस्ताव पाठव.

परदेशाचं तू ऐकलंस ते खरं आहे. अमेरिकेत ऑस्टिनच्या मिचेनर सेंटरसारख्या लेखन शिकवणाऱ्या ठिकाणी निवड झालेल्यांची फी माफ असते आणि वर राहण्याखाण्याला पैसे मिळतात. पण तिथे लेखन इंग्रजीतून मागतात. तुझी भाषा गेवराईची आहे, तिच्यात आधी पाय रोव.

आता तुझ्या कथेबद्दल. कुठल्याही निवड समितीपुढे आधी पहिलं पान जातं. तू सुरुवात पहाटेच्या धुक्याने केलीस, फडाचं वर्णन केलंस, आणि मुकादम येतो तो चौथ्या पानावर. त्याची ती वही, तिच्यात बापाच्या नावापुढे मागच्या सालची बाकी आणि खाली आईचा अंगठा, हे तू असं लिहिलं आहेस की मी पान उलटायची थांबले. कथा तिथून सुरू कर. धुकं काढून टाक. ‘अर्धा कोयता’, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीतला एकटा मजूर, हा शब्द तू कंसात समजावून सांगितला आहेस, तोही कंस काढ. आई अंगठा देताना काय पाहत होती तेवढं लिही, वाचणाऱ्याला कळतं.

अशी दुरुस्त केलेली कथा आधी एखाद्या दिवाळी अंकाकडे पाठव. हे संपादक मजकूर पावसाळ्याआधीच गोळा करायला लागतात, तेव्हा मे महिन्यापर्यंत पाठव. आणि नवी प्रत मलाही पाठव, मी वाट बघतेय.