डायरेक्ट प्रोफेशनल व्हायचंय म्हणे!

प्रश्न : माझा भाचा १७ वर्षांचा, सिडकोत राहतो, दोन वर्षांपासून बॉक्सिंग करतोय. आता म्हणतो स्टेट-नॅशनलच्या भानगडीत पडायचंच नाही, विजेंदर सिंगसारखं डायरेक्ट प्रोफेशनल होणार, तो सलग १२ मॅच जिंकला होता म्हणे. बहिणीने जेवण सोडलंय. काय सांगू त्याला?
– एक मामा, नाशिक

उत्तर : मामा, आधी ताईंना जेवायला बसवा. आणि भाच्याला म्हणावं, विजेंदरचा पिक्चर तू इंटरव्हलनंतर बघायला बसलायस. १२ जिंकला हे खरंय, पण ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये पहिली प्रो मॅच खेळला तेव्हा त्याची तीन ऑलिम्पिक खेळून झाली होती. त्यातल्या पहिल्या, २००४ च्या अथेन्सला तर पहिल्याच लढतीत बाहेर, हे कोणी सांगत नाही. मग २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ, बॉक्सिंगमधलं भारताचं पहिलं ऑलिम्पिक मेडल, २००९ ला मिलानच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला पण ब्राँझ, आणि २०१० ला ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये उझबेकिस्तानच्या आतोएवला ७-० ने धुऊन गोल्ड. तोच आतोएव २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला क्वार्टर फायनलला आडवा आला, १३-१७.

मला विचाराल तर खरा विजेंदर इथे दिसतो. अमॅच्युअरमध्ये, म्हणजे स्टेट, नॅशनल, ऑलिम्पिक वगैरेमध्ये, जोड्यांच्या चिठ्ठ्या निघतात, समोर कोण येईल ते आपल्या हातात नाही. प्रोमध्ये कसं, आपल्या सिन्नर-दिंडोरीकडच्या यात्रेत वस्ताद मंडळी बघून जोड लावतात ना, तसं प्रमोटर जोड लावतो, सुरुवातीला बेताचेच गडी देतो, म्हणून १२-० चकाचक दिसतं. अर्थात सगळंच काही सोपं नव्हतं हां, २०१६ ला दिल्लीत केरी होपशी १० राउंड खेळून डब्ल्यूबीओ (प्रो बॉक्सिंगची एक जागतिक संघटना) एशिया पॅसिफिकचा बेल्ट, म्हणजे किताब, घेतला त्याने, तीन-चार राउंडची सवय असलेल्या माणसाला १० म्हणजे फेस येतो तोंडाला. ती १२ ची माळ २०२१ ला गोव्यात तुटली, रशियाच्या लोपसानने पाचव्या राउंडमध्ये संपवलं.

आता पोटापाण्याचं. विजेंदरचे वडील हरियाणा रोडवेजला बस ड्रायव्हर, थोरला भाऊ बॉक्सिंगच्या जोरावर आर्मीत लागला, आणि विजेंदर स्वतः हरियाणा पोलिसात डीएसपी झाला, तो प्रोचा बेल्ट कमरेला यायच्या कितीतरी आधी. भाचा ज्या भानगडीत पडायचं नाही म्हणतोय ना, त्याच भानगडीने हे घर वर आणलं. तेव्हा आधी स्टेट खेळू दे, नॅशनलला दोन-चार ठोसे खाऊ दे, प्रो कुठे पळून जात नाही, विजेंदर स्वतः तिकडे गेला तेव्हा २९ चा होता.

प्रश्न : बीजिंगला विजेंदर सेमी हरला, नंतर मॅचच झाली नाही, मग ब्राँझ कसं मिळालं?
– पंचवटीतून एक वाचक

उत्तर : ऑलिम्पिक बॉक्सिंगमध्ये तिसऱ्या नंबरची लढत नसते, सेमी हरलेल्या दोघांनाही ब्राँझ देतात. त्यामुळे क्वार्टरला इक्वेडोरच्या गोंगोराला ९-४ ने हरवलं तेव्हाच मेडल पक्कं झालेलं, क्यूबाच्या कोरेआकडून ५-८ ने हरला ते नंतर.