वडिलांची साखर वाढली आहे का, हे लक्षणांवरून कसं ओळखायचं?

वडील पन्नाशी ओलांडलेले, रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, सारखं पाणी पितात आणि "उन्हाळाच आहे" म्हणून तपासणी टाळतात, असं तुम्ही लिहिलंय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करतो. ही सबब आम्ही नेहमी ऐकतो. हिवाळ्यात तीच "थंडीमुळे लघवी जास्त होते" अशी होते.

उन्हाची तहान असेल तर पाणी घामावाटे जातं, म्हणून लघवी कमी आणि गडद होते. साखरेत उलटं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडू लागतात आणि साखर जाताना पाणीही ओढून नेते. म्हणजे लघवी आधी, तहान त्यामागून. या वयात प्रोस्टेटमुळेही रात्री उठावं लागतं, पण तेव्हा बहुधा थोडी थोडी होते, धार अडखळते. साखरेत दर वेळी भरपूर होते. वडिलांना एवढं विचारून बघा. पूर्वी लघवीच्या जागी मुंग्या जमल्या की घरच्यांना शंका यायची, फ्लशच्या संडासात ती खूण दिसायची सोय राहिली नाही.

नीट जेवूनही वजन उतरत असेल तर खूश होऊ नका. नजर धूसर झाली म्हणून लगेच नवा चष्माही करू नका: साखरेमुळे डोळ्यातलं भिंग फुगतं आणि साखर आटोक्यात आली की नंबर पुन्हा बदलतो. जांघेत सारखी खाज, न भरणारी जखम, तळपायांना मुंग्या येणं, हेही बघा. मानेवर काळी, जाडसर, मखमली कातडी दिसली तर ती घासून जाणार नाही. तो मळ नसतो, बहुतेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते.

पण खरं सांगू का, अनेकांना यातलं काहीही होत नाही आणि साखर भलत्याच कारणाने केलेल्या तपासणीत सापडते. त्यामुळे लक्षणं मोजत बसू नका. आठ तास उपाशी राहून रक्तातल्या साखरेची फास्टिंग तपासणी करा, सोबत एचबीए१सी ही रक्ताचीच दुसरी तपासणी. फास्टिंग १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आलं तर डॉक्टर मधुमेह धरतात. लक्षणं नसतील तर खात्रीसाठी तपासणी पुन्हा करायला सांगतात. फास्टिंग १०० ते १२५ म्हणजे काठावर. आदल्या रात्री जेवण टाळून रिपोर्ट "चांगला" आणणारे बरेच असतात. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, तिथे ही युक्ती चालत नाही.

उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं तर मात्र आमच्याकडे येऊच नका. थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.