शब्द ओठांवर येतात आणि अडतात

प्रश्न : वडिलांना (वय ६२) पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. आता चालतात, पण बोलताना ओठ चाचपडतात. ‘फुंकर मारा’ म्हटलं की जमत नाही. चहा गरम असला की आपसूक फुंकतात. ते मुद्दाम करतात का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नाही. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की असं होऊ शकतं. स्नायूंत ताकद असते. हुकमी हालचालीची जुळणी बिघडते, सवयीची टिकते. याला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. म्हणून ‘पाणी’चं एकदा ‘ताणी’ होतं, एकदा ‘पाली’, आणि एक ते दहा आकडे मात्र सरळ येतात. स्नायूच कमजोर असते, तर सगळंच बोलणं सारखं जड, बोबडं आलं असतं.

फुगे फुगवणं, जीभ बाहेर काढणं यात वेळ घालवू नका. त्याने शब्द सुधारत नाहीत. सराव शब्दांचाच हवा. समोरासमोर बसा, त्यांची नजर तुमच्या ओठांवर राहू द्या. ‘पाणी’, ‘चहा’, ‘बस’ असे रोजचे पाच-सहा शब्द घ्या. आधी दोघांनी एकत्र, सावकाश म्हणा. मग तुम्ही नुसते ओठ हलवा, आवाज त्यांचा. शेवटी त्यांनी एकट्याने. प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने मांडीवर थाप. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पुरे. दमले की चुका वाढतात. अडखळले तरी घाईने शब्द पुरवू नका.

पाणी पिताना ठसका लागतो, नंतर आवाज घरघरतो, असं असेल तर आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. पाणी फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.