जेटीवरची रांग आणि आंब्याचे पैसे

चिपळुणात आर्थिक समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर निरनिराळ्या शब्दांत येतो: ब्लॉकचेनला, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीला, लाखो लोकांचे व्यवहार खरोखर पेलतील का, आणि पेलणार असतील तर तिच्यात पैसे गुंतवावेत का? जूनच्या सुरुवातीला गुहागर तालुक्यातील एक बागायतदार आपल्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलासह तोच प्रश्न घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आंब्याच्या हंगामातून उरलेले चार लाख रुपये एका नव्या ब्लॉकचेनच्या टोकनमध्ये, म्हणजे तिच्या आभासी नाण्यात, घालावेत, असे मुलाचे म्हणणे होते, ती सेकंदाला लाखभर व्यवहार करू शकते, हा त्याचा एकमेव, पण ठाम आधार होता. वडील म्हणाले, "मॅडम, तो सांगतो ते खोटं नसेल, पण मला त्यातलं काही कळत नाही, आणि न कळता हो म्हणायची भीती वाटते."

ती भीती मला रास्तच वाटली. धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट त्यांच्या रोजच्या परिचयाची, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. बिटकॉइन या आभासी नाण्याच्या ब्लॉकचेनची फेरी साधारण दर दहा मिनिटांनी सुटते आणि तिच्यातली जागा ठरलेली असते, त्यामुळे सेकंदाला जेमतेम सात व्यवहार पैलतीरी पोहोचतात. गणपतीत जेटीवर गाड्यांची रांग लागावी तशी गर्दी झाली, की जास्त शुल्क देणाऱ्याला आधी घेतले जाते. (आपल्या जेटीवर असे चालत नाही, हे वडिलांनी लगेच सुनावले.) इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवर तर डिसेंबर २०१७ मध्ये आभासी मांजरींच्या एका खेळानेच रांग लावली होती. याउलट यूपीआयने ऑगस्ट २०२३ या एका महिन्यात हजार कोटींहून अधिक व्यवहार पार पाडले, म्हणजे सेकंदाला सरासरी साडेतीन हजारांहून जास्त.

मग मोठी बोट का बांधत नाहीत, असे मुलाने विचारले. प्रत्येक नोंद हजारो संगणकांनी तपासायची आणि जपायची असते. नोंदी फार वाढल्या तर ते काम मोजक्या धनवानांनाच परवडते आणि मधला मालक नको हा मूळ हेतूच बुडतो. बोट मोठी करावी की नाही, याच वादातून २०१७ मध्ये बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश हे नाणे वेगळे झाले. इथेरियमने दुसरी वाट धरली: व्यवहार बाहेर एकत्र करायचे आणि त्यांचा गोषवारा मुख्य ब्लॉकचेनवर नोंदवायचा. मार्च २०२४ मधील बदलानंतर अशा बाहेरच्या व्यवहारांचे शुल्क पुष्कळ घटले. तेव्हा क्षमता वाढते आहे, हे मी मुलाला मोकळेपणाने मान्य केले.

मेख पुढे आहे. ऑगस्ट २०२१ पासून इथेरियमवर तिच्याच नाण्यांत भरलेल्या शुल्काचा काही भाग नष्ट केला जातो, त्यामुळे वर्दळ असली की नाण्यांचा पुरवठा आवळला जातो. पण प्रवास स्वस्त झाल्यावर नष्ट होणारी नाणी घटली आणि पुरवठा पुन्हा वाढू लागला. बोट सुधारली म्हणजे तिच्यात हिस्सा असलेल्याची कमाई वाढलीच, असे होत नाही. शिवाय लाखभराचे आकडे बहुधा चाचणीतले असतात. वेगासाठी नावाजलेली सोलाना ही ब्लॉकचेन सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे सतरा तास बंद पडली होती. बिटकॉइनसुद्धा नोव्हेंबर २०२१ मधील सुमारे ६९,००० डॉलरवरून वर्षभरात १६,००० च्या खाली आले. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही.

हे सारे झाल्यावर मी वडिलांना एवढेच विचारले, की हे चार लाख एरवी कुठे गेले असते? पावसाळ्यातले खत, मोहोरावरची फवारणी, राखणदाराचा पगार, काढणीची मजुरी असे ते बोटांवर मोजत गेले, आणि आकडा सव्वातीन लाखांवर पोहोचला. मुलगा गप्प झाला. मग त्याने स्वतःच्या पगारातून दहा हजार रुपये घालून पाहावेत का, असे विचारले. ते सगळे बुडाले तरी घरभाडे चुकणार नाही ना, एवढे मी त्याच्याकडून तपासून घेतले.

"ते तुझं तू बघ," वडील उठत म्हणाले, आणि खताचे दुकान बंद व्हायच्या आत पोहोचायचे म्हणून दोघे निघाले.