लायसन्स जमा आहे, तोवर पिकअप दारात लावा

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला. मालकाची पिकअप चालवतो, केळीची वाहतूक करतो. गेल्या महिन्यात जळगावात अजिंठा चौफुलीजवळ माझ्या मोटरसायकलवर असताना फोन कानाला होता. पोलिसांनी लायसन्स जमा करून पावती दिली. दंड भरला. तरी आता आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली. पिकअपवर ओव्हरस्पीडची चार चलानंही थकली आहेत. मित्र म्हणतात, 12 पॉइंट झाले की लायसन्स जातं. माझे किती झाले असतील? सध्या पावतीवर पिकअप चालवतोय, चालेल ना?

उत्तर : भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो धोका तुम्ही रोज पत्करताय. नाही चालणार. पोलिसांच्या पावतीवर काही प्रकरणांत गाडी चालवता येते, म्हणून सगळ्यांचा असा समज होतो. पण चालवताना हातात फोन धरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्यात येतं, आणि अशा गुन्ह्यात लायसन्स कलम 206(4) खाली जमा होतं. लायसन्स परत हातात येईपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येणार नाही, असं त्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या पावतीवर 184 लिहिलं आहे का, ते बघा आणि पिकअप आजच मालकाच्या दारात लावा. मधल्या काळात अपघात झाला तर ज्याला लागलं त्याचं घर आणि तुमचं घर, दोन्ही उघड्यावर येतील.

पॉइंटचं म्हणाल तर महाराष्ट्रात तशी पद्धत नाही. तेलंगणात 2017 मध्ये 12 पॉइंटची पद्धत आणली होती, ब्रिटनमध्येही 12 पॉइंटवर लायसन्स जातं. त्यामुळे पॉइंट मोजत बसू नका. मात्र आपला कायदाही मागचं विसरत नाही. कलम 200 सांगतं की दंड भरून गुन्हा मिटवला तरी पुढच्या वेळी तो ‘आधीचा गुन्हा’ म्हणून धरला जातो, आणि दंड भरल्याने लायसन्सवरची कारवाई थांबत नाही. ‘पैसे भरले, विषय संपला’ या समजुतीवर माणसं नोटीस फ्रिजवर ठेवून देतात, सुनावणीला जात नाहीत, मग एकतर्फी आदेश होतो. तुम्ही असं करू नका.

पोलिस लायसन्स जमा करतात, पण ते निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यांना नाही, तो परवाना प्राधिकाऱ्याला, म्हणजे आरटीओतल्या अधिकाऱ्याला आहे. तुमचं म्हणणं ऐकून तो तुम्हाला मोकळं करू शकतो. नाहीतर कलम 19 प्रमाणे सविस्तर कारणं लिहून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकतो. पुन्हा तसंच घडलं तर लायसन्स रद्दच होतं.

तुमच्या पोटापाण्याचा मुद्दा इथेच आहे. लायसन्सवरच्या वाहनांच्या सगळ्या वर्गांसाठी किंवा त्यातल्या काहींसाठीच अपात्र ठरवता येतं, असं कलम 19 म्हणतं. फोन तुम्ही मोटरसायकलवर धरला होता. म्हणून लेखी खुलाशात विनंती करा की अपात्र ठरवायचंच असेल तर ते मोटरसायकलपुरतं ठेवावं, पिकअपचा वर्ग वगळावा. मान्य होईलच असं नाही, पण ही विनंती न्याय्य आहे आणि ती तुम्हीच मांडायला हवी. पिकअप चालवताना अपघात झालेला नसेल तर तसं लिहा, घर या कामावर चालतं हेही लिहा. फोन कानाला होता ते मात्र नाकारू नका. नोटिशीतल्या तारखेआधी खुलासा द्या, दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्या, लवकर सुनावणीचा अर्जही जोडा.

चार चलानं पिकअपच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या नावावर आहेत. विचारल्यावर गाडी कोण चालवत होतं ते सांगणं कलम 133 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. मालकासोबत बसा, प्रत्येक चलानाची तारीख, वेळ, फोटो बघा. त्या दिवशी दुसरा चालक असेल तर तसं लेखी घ्या. चारही माझीच, असं कुठे सही करून देऊ नका, कारण ओव्हरस्पीडवरही लायसन्स जमा होऊ शकतं.

आदेश विरुद्ध गेला तर तो हातात पडल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. तोवर गाडीला हात लावू नका : अपात्र असताना चालवली तर कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. अशा वेळी अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. हे मालकालाही वाचून दाखवा.