कोल्हापुरात नवीन आलायस ना, मग हे कर

भावा, बदली झाली म्हणून तोंड पाडून बसू नकोस, मी पण नऊ वर्षांपूर्वी नाशिकहून असाच आलेलो आणि आता इथून हलायचं नावच काढवत नाही. पहिलं काम, संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, म्हशी समोर उभ्या असतात, तिथंच धार काढतात आणि तो कोमट फेसाळ ग्लास लगेच हातात देतात, मिशीला फेस लागला तर लागू दे. मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस आल्या तर हुज्जत नको घालू, इथं तसंच असतं, वरून कट मागून घे. ऑफिसातली एखादी "मी आलो, मी जेवलो" म्हणाली तर सुधारायला जाऊ नको, इथल्या बायकांची बोलीच ती, मला तर फार गोड वाटते. सीझनमध्ये शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघच, पेठांमधल्या तालमींच्या टीम असतात, फक्त शेजारचा कुठल्या तालमीचा ते आधी विचार. आणि ९ ते ११ नोव्हेंबरला किरणोत्सव, मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांपासून हळूहळू वर चढतात, ढग नसले तर. गर्दी असते, ऑफिसातून लवकर निघ.