जुनी पुस्तकं घेताना इतिहास, व्यवस्थापन आणि विनोद यांना एकच फूटपट्टी लावू नका

तुम्ही विचारलंय की मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून आणि किंग्ज सर्कलवरून इतिहास, व्यवस्थापन आणि विनोदी अशी तिन्ही प्रकारची जुनी पुस्तकं घ्यायची आहेत, तर फसगत होऊ नये म्हणून काय बघावं. पुस्तकाचं वय तीन प्रकारांत तीन वेगळ्या अर्थांनी मोजायचं, एवढं धरून चाललात की निम्मी फसगत टळते.

इतिहासापासून सुरुवात करतो, कारण गोंधळ तिथेच सगळ्यात जास्त. विक्रेत्याच्या ढिगात इतिहास आणि ऐतिहासिक कादंबरी एकाच थप्पीत असतात. पुस्तक मधेच उघडा. पानभर अवतरणचिन्हांतले संवाद दिसले आणि तळटीप एकही नसेल, तर ती कादंबरी. वाचा खुशाल, पण तिच्यातल्या तारखांवर वाद घालू नका. मग शेवटची पानं बघा: संदर्भसूची आणि नामसूची आहे का? नामसूची नसलेला सहाशे पानांचा ग्रंथ संदर्भाला निम्माच उपयोगी. घडीचे नकाशे आणि वंशावळी अनुक्रमणिकेशी ताडून मोजा. फाटून गेलेले असतात ते नेमके हेच.

जुन्या पुस्तकावर साल बऱ्याचदा शकात असतं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं. पण पौष ते फाल्गुन या काळातली तिथी 1 जानेवारीनंतर पडत असेल, तर 79 मिळवायचे. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही तिथी घ्या: 78 मिळवले तर 1629 येतं, बरोबर उत्तर 19 फेब्रुवारी 1630. याच शिवजन्माच्या सालावरून पुस्तकाचा अंदाजही घेता येतो. 1627 दिलं असेल तर लेखक बखरींच्या परंपरेवर चालला आहे. 1630 हे साल जेधे शकावली (जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी) उजेडात आल्यावर पुढे आलं. 1627 वालं पुस्तक टाकाऊ नव्हे, फक्त ते कुठल्या साधनांवर उभं आहे हे ठाऊक असावं. आणि राज्याभिषेक एका पुस्तकात 6 जून 1674, दुसऱ्यात 16 जून दिसला तर छपाईची चूक समजू नका. पहिली तारीख इंग्रज तेव्हा वापरत त्या ज्युलियन पंचांगाची, दुसरी आजच्या ग्रेगोरियनची. त्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं.

व्यवस्थापनाचं पुस्तक घेताना मात्र आवृत्तीचं साल आधी. माणसं कशी हाताळावी, बैठक कशी घ्यावी हे भाग सहसा शिळे होत नाहीत. कायदा आणि कर होतात. कंपनी कायदा 1956 चा असेल, विक्रीकर किंवा मुंबईची जकात शिकवलेली असेल, तर ती प्रकरणं रद्दीच. 2013 चा कंपनी कायदा आणि जुलै 2017 चा जीएसटी त्यानंतरचे. भाषांतर असेल तर एखादी आकृती किंवा तक्ता वाचून बघा. तिथे मराठी अडखळली तर आतही तेच. नकली प्रती सगळ्यात जास्त याच प्रकारात मिळतात: पातळ कागद, मुखपृष्ठावरचे रंग फासल्यासारखे, आतली अक्षरं झेरॉक्ससारखी फिकी, समास तिरका कापलेला. घेऊ नका, बेकायदा तर आहेच, शिवाय डिंक दोन महिन्यांत सुटतो.

विनोदी पुस्तकात साल जुनं असलं तर उलट मजा, फक्त बांधणी तपासा. ही पुस्तकं हातोहात फिरलेली असतात. जुन्या छपाईत फॉर्मा (एका मोठ्या कागदाची घडी घालून शिवलेला पानांचा गठ्ठा) बहुधा सोळा पानांचा असतो, म्हणून 16-17, 32-33, 48-49 या सांध्यांवर पान क्रमांक बघा. अख्खा फॉर्मा गायब किंवा दोनदा शिवलेला, दोन्ही प्रकार आढळतात, आणि विनोदी लेखात सोळा पानं गेली म्हणजे शेवटची कोटीच गेली. 'नाहीं', 'केलें' असे अनुस्वार दिसले तर जुळणी बहुतेक 1962 च्या लेखननियमांआधीची. आणे-पै आले तर लेखन बहुधा 1957 च्या दशमान नाण्यांआधीचं. सोळा आण्यांचा रुपया एवढं लक्षात ठेवलं की कोट्या कळतात. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे राम गणेश गडकरी (1919) आणि चिं. वि. जोशी (1963) आता मुक्त आहेत. त्यांच्यासाठी फुटपाथवर जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. पुलंना (2000) अजून वेळ आहे.

घेण्याआधी वाचून बघायचं असेल तर 1898 पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा.

पावसाळ्यात खरेदी टाळलेली बरी. गुळगुळीत आर्ट पेपरची चित्रपानं एकदा भिजून चिकटली की सुटत नाहीत. कुबट वास आला तर पुस्तक घरच्या कपाटात लगेच ठेवू नका. उभं, पानं पंख्यासारखी उघडून, पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, पुठ्ठा वाकतो. बुरशीची भुकटी तोंडाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने, खिडकीबाहेर झटका. कसर लागल्याची शंका असेल तर पूर्ण कोरडं झालेलं पुस्तक हवाबंद प्लास्टिक पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर मुंबईच्या हवेतलं पाणी थंड पानांवर जमतं आणि बुरशीला पुन्हा आमंत्रण.